मुंगीचा मुलूख

सोलापूरच्या पावसाचा भरवसा नाही, हे येथे जन्मलेल्या माणसास सांगावे लागत नाही. जून-जुलै आभाळाकडे डोळे लावण्यात जातात आणि खरा पाऊस पडतो तो बहुधा सप्टेंबरात. अशाच एका रात्रभर पडलेल्या पावसानंतरची सकाळ होती. कॉलेजच्या मैदानाची एक कड अशी आहे की तेथे कोणी खेळत नाही आणि गवत गुडघाभर वाढते. त्या बाजूने मी व तृतीय वर्षाचे दोन विद्यार्थी चाललो होतो. ऊन नुकतेच लागले होते. जमिनीवर जागोजाग, बशीएवढ्या जागेत, गवताचे बी पसरलेले दिसले. कोणी तरी मुद्दाम पसरावे तसे. एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, हे इथं कोणी टाकलं?" मी उत्तर जुळवीत होतो, एवढ्यात मागून येणारे आमचे शिपाईमामा म्हणाले, "मुंग्यांनी वाळवण घातलंय की. रात्री घरात पाणी शिरलं असंल त्यांच्या."

भूगोल शिकविण्यात माझी बरीच वर्षे गेली. पण इतके नेमके उत्तर मला सुचले नसते. शिपाईमामांनी एका वाक्यात जे सांगितले, त्यावर युरोपातील विद्वानांनी शंभर-सव्वाशे वर्षे वाद घातला होता. तो वाद मुंगीविषयी होता असे वरवर दिसते. माझ्या मते तो हवामानाविषयी होता, आणि म्हणूनच कलाशाखेच्या अंकात मुंगीवर लिहिण्याचे धाडस करीत आहे.

इसापनीतीतील मुंगी आणि नाकतोड्याची गोष्ट आपण सर्वांनी शाळेत वाचली आहे. तिच्या जुन्या ग्रीक रूपात एक बारकावा आहे, तो मुलांच्या पुस्तकांतून बहुधा गळून जातो. नाकतोडा भीक मागायला येतो तेव्हा मुंग्या आपले भिजलेले धान्य वाळवीत बसलेल्या असतात. म्हणजे आमच्या मैदानावरचेच दृश्य. ज्यूंच्या धर्मग्रंथातही राजा सॉलोमनच्या नावावर असलेल्या नीतिवचनांत मुंगी सुगीच्या दिवसांत अन्न गोळा करते, असे सांगून आळशी माणसाला तिच्याकडे पाठविले आहे. ग्रीस काय किंवा पॅलेस्टाईन काय, दोन्ही कोरड्या उन्हाळ्याचे देश. तेथल्या माणसांनी जे डोळ्यांनी पाहिले ते लिहिले.

पुढे अठराव्या शतकात उत्तर युरोपातील अभ्यासक मुंग्यांची घरे उकरून पाहू लागले. विल्यम गूल्ड नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने १७४७ साली इंग्लंडमधील मुंग्यांवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्याने वारुळामागून वारूळ तपासले. धान्याचे कोठार कोठेही सापडले नाही. त्याच्यानंतरच्या फ्रेंच व स्विस अभ्यासकांचाही अनुभव तोच. तेव्हा मत असे बनले की, प्राचीन लोकांनी मुंगीच्या तोंडातील पांढरी कोषावस्थेतील पिल्ले पाहिली आणि त्यांनाच गहू समजून घेतले. मुंगी धान्य साठविते ही एक कविकल्पना, असा निकाल लागला.

हा निकाल फिरविण्यात आपल्या दख्खनचा वाटा आहे. कर्नल विल्यम हेन्री साईक्स हे मुंबई सरकारच्या नोकरीत होते. १८२४ पासून दख्खनची आकडेवारी गोळा करण्याचे काम त्यांच्याकडे होते. गावोगाव हिंडून लोकसंख्या, पिके, पाऊस, पक्षी, मासे असे जे दिसेल ते त्यांनी टिपले. पुण्याजवळच्या पडीक जमिनीवर, पावसाच्या सरी होऊन गेल्यावर, त्यांना गवताच्या बियांचे छोटे छोटे ढीग दिसले आणि मुंग्या एकेक दाणा बिळातून वर आणून उन्हात ठेवताना दिसल्या. १८३५ साली लंडनच्या कीटकशास्त्र मंडळाच्या नियतकालिकात त्यांनी या मुंगीचे वर्णन छापले व तिला नाव दिले 'प्रॉव्हिडेन्स', म्हणजे पुढची तरतूद करणारी. आज ती 'फायडोल प्रॉव्हिडेन्स' म्हणून ओळखली जाते. शास्त्रीय नाव लॅटिन असले तरी मुंगी पुण्याची आहे, हे लक्षात ठेवावे.

याच साईक्ससाहेबांची दुसरी एक नोंद सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. पुण्यात त्यांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात फळे व मिठाया ठेवण्याचे एक टेबल असे. मुंग्या चढू नयेत म्हणून चारी पाय पाण्याच्या भांड्यांत. आपल्या आजीने दुधाचे पातेले परातीत ठेवावे, तसाच हा प्रकार. मुंग्या पाण्यातून पार झाल्या. मग त्यांनी पायांना टर्पेंटाईनचे वेढे काढले. काही दिवस बरे गेले आणि पुन्हा मिठाईत मुंग्या. शेवटी शोध लागला की त्या शेजारच्या भिंतीवर चढत, टेबलाच्या वर थोड्या उंचीवर जात आणि तेथून खाली अंग टाकीत. या मुंगीला साहेबांनी 'न थकणारी' अशा अर्थाचे नाव दिले. हरलेल्या माणसाने दिलेले इतके दिलदार नाव शास्त्रात क्वचितच आढळेल.

असो. साईक्सच्या नोंदीनंतरही काही वर्षे शंका घेणारे होतेच. अखेर जॉन मॉग्रिज नावाचा एक तरुण इंग्रज, क्षयाने आजारी असल्यामुळे हिवाळे घालविण्यासाठी भूमध्य समुद्राच्या काठी मेंतों येथे जात असे; त्याने तेथील मुंग्यांची कोठारे खणून काढली आणि १८७३ साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी तो वारला. त्यानंतर मात्र वाद उरला नाही. गूल्ड खोटे बोलला नव्हता व इसापही खोटे बोलला नव्हता. प्रत्येकाने आपल्या मुलखातील मुंगी पाहिली होती. चूक झाली ती एका हवेतील मुंगीवरून सर्व जगाच्या मुंग्यांबद्दल नियम बांधण्यात.

आता प्रश्न असा की, धान्य साठविण्याची ही रीत कोरड्या प्रदेशांतच का आढळावी? सोलापूरकराला याचे उत्तर आपल्या घरातील बळदात आणि कणगीत सापडेल. जिल्ह्याची पावसाची सरासरी साधारण साडेपाचशे मिलिमीटर, आणि तीही चार महिन्यांत गोळा झालेली. त्या चार महिन्यांत कुसळी, पवन्या, मारवेल अशी माळावरची गवते उगवतात, फुलतात, बी टाकतात आणि वाळतात. त्यानंतर सात-आठ महिने माळ रिकामा. ओल्या प्रदेशातील मुंगीला बाराही महिने किडे, मावा कीटकांनी सोडलेला गोड रस, कुजणारी फळे असे काही ना काही मिळते; साठविण्याची गरज नाही आणि साठविले तर ओलीने बुरशी लागणार. येथे उलट आहे. बी एकदाच, पण भरपूर मिळते आणि कोरड्या जमिनीत ते टिकते. तेव्हा साठवण परवडते ती येथेच. पावसाने कोठार भिजले तर वाळवण घालावे लागते, एवढाच काय तो त्रास. फायडोल कुळातील मोठ्या डोक्याच्या मुंग्या आपण पाहिल्या असतील. ते डोके म्हणजे जबड्याच्या स्नायूंची गाठ, आणि कठीण बी फोडण्यास ते उपयोगी पडते. बिळाच्या तोंडाशी कोंड्याचे जे रिंगण दिसते, ते या मळणीचे भूस.

मात्र ही सोय सर्व फायडोल मुंग्यांना आहे असे नाही. या एका कुळात जगभर हजाराहून अधिक जाती आहेत आणि त्यांतील पुष्कळशा ओल्या जंगलांत किडे खाऊन राहतात. बहिणी सख्ख्या, पण एकीने कोठार बांधले आणि दुसरीने शिकार धरली. हाच माझ्या लेखाचा खरा विषय आहे. एकाच कुळातील मुंग्या वेगवेगळ्या मुलखांत कशा वाटल्या गेल्या, आणि ती वाटणी कोण करते?

याचा उलगडा पुस्तकापेक्षा प्रवासात चांगला होतो. आमच्या विभागाची सहल एकदा महाबळेश्वरास गेली. पंढरपूर, म्हसवड, दहिवडी करीत सातारा, तेथून वाई आणि पसरणीचा घाट. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४६० मीटर, महाबळेश्वर सुमारे १,३७०. हवा वर चढताना दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, हे विद्यार्थी परीक्षेपुरते पाठ करतात. त्या हिशेबाने दोन्ही गावांत सहा अंशांचा फरक पडावयास हवा. प्रत्यक्षात मे महिन्याच्या दुपारी तो त्याहून बराच जास्त असतो. कारण उंचीखेरीज समुद्राकडून येणारा वारा आणि ढग यांचाही त्यात भाग आहे. म्हणजे उंची एकटी कधी काम करीत नाही.

याहून चांगला पुरावा पाचगणीचा. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या उंचीत शंभर मीटरचाही फरक नाही, अंतर वीस किलोमीटरच्या आत. परंतु महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि पाचगणीला त्याच्या एक-तृतीयांशाच्या आसपास. आणखी थोडे पूर्वेला, घाट उतरून वाईला आले की पाऊस आणखी घटतो. उंची तीच ठेवून पाऊस तेवढा बदलून दाखविणारी अशी प्रयोगशाळा निसर्गाने आपल्या दारात मांडून ठेवली आहे.

त्या सहलीत पाचगणी सोडून झाडी दाट होऊ लागली तसे एका मुलीने बसच्या खिडकीतून बोट दाखविले. फांदीला फुटबॉलएवढा, काळपट तपकिरी गोळा चिकटलेला होता. कोणी म्हणाले मधमाश्यांचे पोळे, कोणी म्हणाले माकडाने काही तरी अडकवले असेल. ते मुंग्यांचे घर होते. क्रेमॅटोगॅस्टर या कुळातील काही जाती झाडावर लाकडाचा व पानांचा चोथा लाळेत मळून असे घर बांधतात. त्याचे पापुद्रे कौलांसारखे एकावर एक उतरते असतात, म्हणून ब्रह्मदेशातील देवळांवरून त्यांना पॅगोडा मुंग्या म्हणतात. आपल्याकडे कौलारू मुंग्या म्हणावयास हरकत नसावी. साईक्सने १८३५ च्या त्याच लेखात अशा एका मुंगीचे वर्णन केले आहे. तिने घराला शेणाची पातळ कौले वापरली होती आणि माथ्यावर अखंड टोपी घातली होती. तांबूस सुतार नावाचा पक्षी या घरालाच भोक पाडून आत अंडी घालतो, आणि एरवी चवताळून चावणाऱ्या त्या मुंग्या त्याच्या पिल्लांना सोडून देतात. हे कसे जमते, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

या मुंगीची बहीण आपल्या सोलापुरातही आहे. कडुनिंबाच्या किंवा बाभळीच्या खोडावर बोट टेकवून पाहावे. बदामाच्या आकाराचे पोट पाठीवरून वर उचलून धावणारी एक बारीक मुंगी दिसेल. पोट असे उभे करणे ही क्रेमॅटोगॅस्टरची कुळकथाच. पण येथे ती फांदीला घर टांगीत नाही. सालीच्या फटीत, वाळक्या फांदीच्या पोकळीत, भिंतीच्या चिरेत राहते. कारण उघड आहे. घाटावर जमीन चार महिने पाण्याखाली असल्यासारखी, तेव्हा राहणे झाडावर आणि छप्पर उतरते हवे. मे महिन्यातील सोलापुरात उघड्या फांदीवरचा तो गोळा म्हणजे भट्टीच झाला असता. एकाच कुळातील दोघींनी दोन हवांत दोन तऱ्हेचे संसार मांडले.

घाट उतरून खाली कोकणात गेले की तिसरा प्रकार. आंबा, काजू, फणस यांची जिवंत पाने एकमेकांना शिवून केलेली हिरवी घरटी, आणि त्यांत तांबड्या रंगाच्या, लांब पायांच्या, कडकडून चावणाऱ्या मुंग्या. यांना कोकणात ओंबील म्हणतात, काही भागांत हुमले. शिवणकामाची रीत अशी : कामकरी मुंग्यांची रांग दोन पाने ओढून जवळ धरते आणि दुसऱ्या मुंग्या आपल्या अळ्या तोंडात धरून त्यांच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने पाने टाचतात. लहान मुलाला धोट्यासारखे फिरवावे तसे. आमच्या शहराचा सारा इतिहास हातमाग आणि यंत्रमागाचा. तेव्हा ही उपमा सोलापूरकराला सुचली तर नवल नाही. आंबे उतरविणाऱ्या गड्याला ओंबील नकोशी वाटते, पण फळांवरील किडीचा ती फडशा पाडते. चीनमध्ये संत्र्याच्या बागांत ही मुंगी मुद्दाम सोडण्याची रीत चौथ्या शतकापासून नोंदलेली आहे. ओडिशातील मयूरभंजच्या आदिवासींच्या ओंबीलच्या चटणीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या शेंगाचटणीच्या जोडीला तिला बसवावे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.

ओंबीलला ऊब आणि दमट हवा दोन्ही लागतात. कोकणात ती जागोजाग. घाट चढून पूर्वेच्या कोरड्या पठारावर येऊ लागले की विरळ होते. तिच्या कुळात आज जगात दोनच जाती जिवंत आहेत. एक आपली, भारतापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली, दुसरी आफ्रिकेची. मध्ये अरबस्तान व वायव्य भारताचा कोरडा पट्टा. दोघी इतक्या सारख्या की चटकन ओळखू येऊ नयेत, पण त्या वाळवंटाने त्यांची ताटातूट केली. आणि नवल म्हणजे याच कुळातील मुंग्यांचे जीवाश्म जर्मनीत आणि बाल्टिक समुद्राकाठच्या अंबरात सापडले आहेत. सुमारे चार-पाच कोटी वर्षांपूर्वी युरोपची हवा उबदार होती, तेव्हा तेथे ओंबील होती. हवा थंड झाली आणि तेथील घर बंद पडले. मुंगीचा मुलूख हा असा कायमचा नसतो.

केवळ दूरदूरच्या प्रदेशांतच वाटणी होते असेही नाही. आपल्या अंगणात एकाच कुळाच्या दोन बहिणी राहतात. एक मोठा काळा मुंगळा, कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, साऱ्या भारतभर आढळणारा. दुसरी त्याच कुळातील कॅम्पोनोटस सेरिसिअस, जिच्या पोटावर सोनेरी लव असते. एप्रिल-मे महिन्यांत काळी माती दुपारी साठ अंशांच्या आसपास तापते. तेव्हा मुंगळ्याची रांग दिवेलागणीनंतर निघते आणि उजाडता उजाडता परतते. सोनेरी पोटाची मात्र दिवसाच हिंडते. एक वाट दाखविते आणि दुसरी तिच्या मागे स्पर्श करीत चालते, अशी त्यांची जोडी पाहण्यासारखी असते. येथे मुलूख जमिनीचा नसून वेळेचा वाटून घेतलेला आहे.

आता उंचीकडे वळू. मुंगी ही मुळात उबेची प्राणी आहे. मोठी मुंगी थोडी थंडी सोसते, पण अंडी, अळ्या आणि कोष यांना वाढण्यासाठी ऊब लागतेच. मुंग्या पिल्ले तोंडात धरून इकडून तिकडे नेतात, ते बहुतेक वेळा ऊब आणि ओल यांच्या शोधात. आपण म्हणतो, 'मुंग्या अंडी घेऊन निघाल्या, आता पाऊस येणार.' त्या पांढऱ्या गोळ्या बहुधा अंडी नसतात, कोष असतात. पण हवेतील बदल मुंगीला आधी कळतो ही समजूत निराधार नाही.

म्हणून उष्ण कटिबंधातील ओल्या डोंगरांवर जसजसे वर जावे तसतशा मुंग्यांच्या जाती कमी होतात आणि दोन-अडीच हजार मीटरच्या वर, जेथे धुके आणि ओलावा जमीन कधी तापूच देत नाही, तेथे त्या जवळजवळ संपतात. हिमालयात मात्र तीन हजार मीटरच्या वरही मुंग्या आहेत. हे कोडे दगडाखाली सुटते. तेथे उन्हाळ्यात आभाळ निरभ्र असते, दगड सणसणून तापतो आणि त्याखाली मुंगी आपली पिल्ले उबविते. फॉर्मिका आणि मिरमिका ही तेथील कुळे युरोपातील मुंग्यांची नातलग आहेत. दिल्ली, सोलापूर, मदुराई कोठेही शोधा, सापडणार नाहीत; सह्याद्रीच्या माथ्यावरही नाहीत. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. तेवढी उंची थंड देशाच्या मुंगीला पुरत नाही. मुंग्यांच्या दृष्टीने हिमाचलातील डोंगरमाथा सोलापूरपेक्षा स्वित्झर्लंडला अधिक जवळ आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

येथे डॅनिअल जॅन्झेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६७ साली मांडलेला एक विचार फार उपयोगी पडतो. तो म्हणतो, उष्ण प्रदेशातील घाट थंड प्रदेशातील घाटांपेक्षा 'उंच' असतात. मीटरमध्ये नव्हे; प्राण्याच्या दृष्टीने. थंड देशातील प्राण्याला वर्षभरात कडक हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही सोसावे लागतात, त्यामुळे हजार मीटर चढून जाणे त्याला जड नाही. तसली थंडी तो दरवर्षी खालीच पाहतो. उष्ण प्रदेशात, विशेषतः समुद्रकाठी, हवा वर्षभर जवळपास सारखी. तेथील प्राण्याला थोडा चढही परदेश वाटतो. हा नियम आपल्याकडे लावून पाहावा. कोकणातील ओंबीलला दहा अंशांची रात्र क्वचितच पाहावी लागते. महाबळेश्वरच्या हिवाळ्यात तिचा निभाव लागणे कठीण. सोलापूरचा मुंगळा मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंश आणि थंडीत रात्री दहा-बारा अंश दोन्ही काढतो. म्हणून तो कोठेही भेटतो आणि ओंबील कोकणची वेस सहसा सोडत नाही. देशावरची माणसे काटक असतात असे आम्ही अभिमानाने म्हणतो. माणसांचे ठाऊक नाही, मुंग्यांबाबत ते बरेचसे खरे आहे.

आणखी एक गोष्ट जाता जाता. थंड जागी राहणाऱ्या मुंग्या सरासरीने अधिक काळ्या आणि आकाराने मोठ्या असतात, असे अलीकडे २०१६ साली तीन खंडांतील डोंगरांच्या अभ्यासातून मांडले गेले. काळा रंग ऊन लवकर शोषून घेतो. मग आमचा मुंगळा एवढ्या उन्हाच्या गावात काळाकुट्ट कसा? तो रात्रीचा निघतो, हे वर आलेच आहे.

या साऱ्या वाटणीला आज एक निराळेच महत्त्व आले आहे. अमेरिकेच्या आग्नेय भागात अॅपलेशियन नावाची डोंगररांग आहे. तेथे अॅफीनोगॅस्टर कुळातील दोन सख्ख्या जाती राहतात. एक पायथ्याच्या उबदार जंगलात, दुसरी वरच्या थंड जंगलात. मध्ये एक हद्द. ही हद्द कोणत्या उंचीवर आहे याची नोंद १९७४ साली झालेली होती. २०१२ साली वॉरेन व चिक या अभ्यासकांनी त्याच डोंगरांवर पुन्हा पाहणी केली. खालच्या मुंगीने वर चढून वरचीची जागा घेतलेली आढळली. अडतीस वर्षांत हद्द सरकली होती. आणि ती सरकण्याचे कारण दुपारचे ऊन वाढले हे नव्हते. रात्रीची, हिवाळ्याची किमान थंडी कमी झाली, हे होते. खालच्या मुंगीला वर जाण्यापासून अडवीत होती ती थंडी, आणि तोच पहारा ढिला पडला.

दोन मुंग्यांच्या जागा बदलल्या, त्यात कोणाचे काय गेले, असे कोणी विचारील. गेले ते फुलांचे. त्या जंगलातील कित्येक रानफुलांच्या बियांना एक स्निग्ध गाठ असते. तिच्यासाठी मुंगी बी उचलून नेते आणि गाठ खाऊन बी टाकून देते. झाडाची पेरणी होते ती अशी. वरची मुंगी थंडीतही लवकर कामाला लागते, म्हणून वसंताच्या आरंभी बी टाकणाऱ्या फुलांचे तिच्याशी जमलेले असते. खालून आलेली बहीण उशिरा उठते. ती बाहेर पडेपर्यंत बी जमिनीवर पडून गेलेले असते. चेहऱ्यामोहऱ्याने सारखी असलेली मुंगी, पण कामाची वेळ चुकली आणि फुलाची पेरणी राहिली.

आपल्या सह्याद्रीचा विचार या दृष्टीने केला की मन थोडे अस्वस्थ होते. साडेसहा अंशांना हजार मीटर हा हिशेब उलटा मांडून पाहा. हवा एक अंशाने तापली, तर तीच पूर्वीची थंडी मिळविण्यासाठी मुंगीला सुमारे दीडशे मीटर वर जावे लागेल. दोन अंशांनी तापली तर तीनशे. हिमालयातील मुंगीला वर जावयास डोंगर शिल्लक आहे. महाबळेश्वरच्या पठारावरील मुंगी आधीच माथ्यावर उभी आहे. तिच्या वर फक्त आभाळ आहे, आणि पूर्वेला वीस किलोमीटरवर पाऊस एक-तृतीयांश होतो. तिने जावे कोठे? सोलापूरच्या माळावरील मुंगीची अडचण वेगळी. तिला उष्णतेची भीती कमी. तिचे कोठार गवताच्या बियांवर चालते. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली झाले तेव्हा सर्वांचे डोळे त्या एका मोठ्या पक्ष्याकडे लागले होते, आणि ते योग्यच होते. पण माळ मोडून शेत झाले, किंवा सप्टेंबरचा पाऊस गवत फुलण्याच्या वेळी हुकला, तर पक्ष्याच्या आधी कोंड्याची रिंगणे नाहीशी होतील.

अॅपलेशियनमध्ये हद्द सरकल्याचे कळले, कारण १९७४ ची नोंद हाती होती. आपल्याकडे जुन्या नोंदी अगदीच नाहीत असे नाही. साईक्सनंतर मुंबई इलाख्याच्या वनखात्यातील रॉबर्ट रॉटन यांनी १८९२ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आपल्या मुंग्यांवर विस्ताराने लिहिले. त्यांनी गोळा केलेल्या मुंग्या स्वित्झर्लंडच्या ऑगस्ट फोरेल यांनी तपासल्या आणि कित्येक जातींना रॉटन यांचे नावही दिले. १९०३ साली बिंगहॅम यांचा भारतातील मुंग्यांवरील ग्रंथ आला. आज भारतातून आठशेहून अधिक जाती ठाऊक आहेत. परंतु पुणे, कोकण, कानडा अशा ढोबळ पत्त्यावरून कोणती मुंगी किती मीटर उंचीपर्यंत जात होती, हे काढता येत नाही. मुंगीचे नाव लिहिले, तिच्या घराची उंची लिहावयाची राहिली.

त्या सप्टेंबरच्या सकाळनंतर आमच्या विभागात एक वही ठेवली आहे. पाऊस कोणत्या रात्री पडला, वाळवण कोणत्या सकाळी दिसले, मैदानाच्या कडेला रिंगणे किती, एवढेच तीत असते. पुढच्या सहलीला ती बरोबर नेऊन वाई ते महाबळेश्वर या रस्त्यावर कौलारू मुंग्यांचे पहिले घर कोणत्या दगडाजवळ दिसते ते लिहावयाचे ठरले आहे. उंचीमापक विभागाचा आहेच. पहिल्या दिवशीचा तपशील मात्र शिपाईमामांनी सांगितला आणि विद्यार्थ्यांनी तो उतरवून घेतला : रात्री पाऊस, सकाळी नऊपासून वाळवण, सूर्य माथ्यावर येण्याच्या आत सारे बी परत आत.